बाळाला पालथं टाकायचं नाही म्हणे! कोणी सांगितलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज परत परत येतोय, की पहिले सहा महिने बाळाला खेळवायची गरज नसते, पालथं टाकलं तर छाती दबते, मोबाईलवर रंगीत गाणी लावली की लवकर बोलतं आणि वॉकरमध्ये बसवलं की लवकर चालतं. माझ्या बहिणीचं बाळ अमळनेरला, साडेतीन महिन्यांचं, आणि हे वाचून तिच्या सासूबाईंनी त्याला गोधडीवर पालथं टाकणंच बंद केलं, म्हणून लिहितेय.

छाती दबते हे आधी घेते. झोपवताना बाळाला पाठीवरच झोपवायचं, हे खरंय, पण झोपेचा नियम जागेपणाला कशाला लावता? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की रांगायच्या आधी बाळाला जागं असताना दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं ठेवा. एकदम नाही हो, दोन-तीन मिनिटांपासून सुरू करायचं, दूध पाजल्या पाजल्या नाही, आणि कोणीतरी जवळ बसलेलं हवंच. आमच्या बाळासमोर स्टीलची वाटी ठेवली होती, तर मान थरथरतेय, लाळेने गोधडी ओली झालीय, तरी त्या वाटीत चमकणारा फिरता पंखा बघायला पठ्ठ्या परत परत डोकं वर काढत होता. मान, खांदे, पाठ याच्यातूनच बळकट होतात. गोधडीवर रडत असेल तर तुम्ही मागे टेकून बसा आणि त्याला छातीवर पालथं घ्या, तेही चालतं.

खेळायची गरज नाही म्हणता, पण नवजात बाळाला जेमतेम वीत-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आईचं तोंड असतं तेवढंच, तर ते तोंडच त्याचं पहिलं खेळणं झालं ना! सासूबाई तेल लावताना त्याला विचारतात, "काय करी राहिना रे भाऊ?" आणि थांबतात, तो "आऽगू" करतो, मग त्या परत बोलतात. ही आळीपाळी म्हणजेच बोलणं शिकणं, आणि मोबाईल कधी बाळासाठी थांबत नाही. आपल्या भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच म्हणते.

वॉकरचं तर बोलूच नका. त्याने चालणं लवकर येत नाही, बाळ नुसतं बोटांनी ढकलत सुटतं आणि आपल्याकडे घरापुढे ओटा, एका सेकंदात खाली. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

सासूबाईंना हे सगळं फोनवर सांगितलं, शांतपणे ऐकलं त्यांनी, आता सकाळच्या आंघोळीआधी स्वतःच पालथं टाकतात आणि समोर बसून बोलतात. एक मात्र लक्षात ठेवा, चार महिने पूर्ण होऊनही बाळ मान धरत नसेल, किंवा आवाजाकडे लक्षच देत नसेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.