लायसन मिळालं, आता चाळिशीपर्यंत कुणी विचारणार नाही

विसाव्या वर्षी लायसन काढलं तर ते थेट वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. कायदाच तसा आहे. पुढे मुदतीत नूतनीकरणाला गेलात तर डॉक्टरची सही असलेला नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय दाखला, द्यायचा. म्हणजे डोळे तपासणार (किती तपासतात ते सोडा), पण गाडी कशी चालवता हे बघणार नाहीत.

पहिल्यांदा तरी काय बघितलं होतं? मैदानात आठचा आकडा काढला, थोडं रिव्हर्स घेतलं, झालं. त्याच लायसनवर दुसऱ्या दिवशी कार घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगानं जायची मुभा आहे. लेन कशी बदलायची, तासन्‌तास सरळ रस्त्यावर डोळा लागू लागला तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून लायसननंतरचं प्रशिक्षण सक्तीचं हवंच, असं माझं मत आहे. पण सरसकट सगळ्यांना वर्गात कोंबून नको. हातातली गाडी बदलते तेव्हा हवं, आणि नियम मोडणाऱ्याला हवं.

गाडी बदलण्याचंच बघा. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) लायसनवर ७५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट, म्हणजे भाड्यानं माल-माणसं नेणारी, गाडीही चालवता येते. अनेकांची रोजीरोटी त्यावर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो आयुष्यभर छोटी कार चालवत आला, त्याला भरलेला टेम्पो उतारावर किती लांब जाऊन थांबतो हे कुठे कळणार? त्यानंतर साधारण महिनाभरानं, ९ डिसेंबरला, कुर्ल्यात बेस्टच्या ताफ्यातली इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. चालकाला त्या प्रकारच्या बसचं प्रशिक्षण जेमतेम मिळालं होतं, हा मुद्दा तेव्हा पुढे आला. क्लच नसलेली, पाय ठेवताच उसळणारी बारा मीटरची गाडी ही वेगळीच गाडी असते. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात, त्याचे परिणाम आपण वर्षानुवर्षं वाचतोय.

गंमत म्हणजे कायद्याला हे तत्त्व मान्य आहे. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला दर ३ वर्षांनी नूतनीकरण करताना एक दिवसाचा उजळणी वर्ग करावाच लागतो. टँकरवाल्याला उजळणी, बाकीचे काय जन्मजात पारंगत?

"सर्टिफिकेट एजंटकडे मिळेल," असं लगेच कुणीतरी लिहील. मिळेलही. पण म्हणून आजची परीक्षा आपण रद्द करतो का?

जपानमध्ये नूतनीकरणाला प्रत्येकाला व्याख्यान ऐकावं लागतं, पण ज्याचं रेकॉर्ड स्वच्छ त्याला अर्धा तास आणि नियम मोडणाऱ्याला दोन तास. मला हे पटतं. नीट चालवणाऱ्याचा वेळ खायचा नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. कॅमेऱ्याचं ई-चलान गाडीच्या नंबरवर फाटतं, चालवणाऱ्याच्या लायसनवर नाही. पोरगा सिग्नल तोडतो आणि मेसेज बापाच्या मोबाइलवर येतो; बाप शिव्या घालत पैसे भरतो, पोराचं रेकॉर्ड कोरं. आधी चलान भरताना गाडी कोण चालवत होतं त्याचा लायसन नंबर सक्तीनं घ्या. मग उजळणीला कुणाला बसवायचं ते आपोआप कळेल, आणि पहिल्या तुकडीत बरेच ओळखीचे चेहरे दिसतील.