काठी कुठून आली?

माझी सबटायटल्स काल तपासून परत आली. बाविसाव्या मिनिटाला एक म्हातारा विनोदवीर म्हणतोय, "ही माझी जुनी काठी. हिच्यावरच घर चाललं."

मूळ शब्द श्टिक. न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरात ज्यू कुटुंबांची उन्हाळी हॉटेलं होती. बीटच्या सूपवरून त्या पट्ट्याला 'बोर्श्ट बेल्ट' म्हणत. तिथे जेवणं उरकली की असे विनोदवीर लोकांना हसवायचे. श्टिक म्हणजे ज्याचा त्याचा हुकमी आयटम. अमेरिकन विनोदवीरांचंच बघा. जॅक बेनीचा कंजूषपणा आणि कायमचं ३९ वय. रॉडनी डेंजरफील्डचं ते टाय ओढत 'मला कुणी मान देत नाही'.

या एका शब्दापायी माझ्या दोन रात्री गेल्या. 'नक्कल' दुसऱ्याची असते. 'बतावणी' जवळची, पण ती तमाशातली, तिला समोर जोडीदार लागतो. 'पालुपद' तोंडाचं झालं, टायचं काय? यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, श्टिक म्हणजे मुळात तुकडा, जर्मन श्ट्यूकचा भाऊ. आणि आपल्या तबलजीकडे तुकडा असतोच की, बांधलेला, समेवर येणारा! पण हे ४२ अक्षरांच्या ओळीत कोणाला कळणार? शेवटी 'हातखंडा' लिहिलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

तपासणाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, स्क्रिप्टमध्येच स्पेलिंग चुकलं होतं. एस-टी-आय-सी-के पाहिजे. मी दुरुस्त केलं."

"अहो, त्याच्या हातात काठी दिसतेय का?"

"तेच मलाही खटकलं! सीन दोनदा बघितला."

"मग?"

"विंगेत ठेवली असेल."

"आणि काठीवर घर कसं चालतं?"

बराच वेळ विचार. "मल्लखांबवाले असतील."

"बरं, माझं 'हातखंडा' का उडवलंत?"

"खंडा म्हणजे तलवार ना, मॅडम? शस्त्र आलं की हिंसेची खूण करावी लागते."

"आणि काठी?"

"काठी चालते. ज्येष्ठ नागरिक आहेत ते."

यावर काय बोलणार? तो बिचारा सभ्य होता, आवाजही चढवला नाही. तेच जास्त झोंबलं. आमचे पैसे व्हिडिओच्या मिनिटावर मोजतात. तो शब्द पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. दोन रात्रींचं बिल कुणाच्या नावावर फाडू? त्यात चुका मात्र शब्दागणिक मोजतात, आणि तीन झाल्या की पुढचं काम दुसऱ्याला.

आज मेल आली. चुका: १. प्रकार: अर्थ. शेरा: काठी.