पोराला कुठल्या खेळाला घालू?

हा प्रश्न मला कुणी विचारला की मी उलट विचारतो, त्याचे मित्र काय खेळतात? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतोय. पण मिसरूड फुटायच्या वयातली पोरं आधी टोळकं धरतात, खेळ त्याच्या मागून येतो. क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉल यांचं गारूड बरंचसं यातच आहे, चार जण जमले की डाव सुरू. थ्री-बाय-थ्री बास्केटबॉल बघा. बाजूला तीन-तीन जण, एकच बास्केट, अर्धं मैदान, दहा मिनिटं किंवा २१ गुण, जे आधी होईल ते. रिकामटेकड्या पोरांनी संध्याकाळी खेळावा असा हा प्रकार २०२१ मध्ये टोकियोत थेट ऑलिम्पिकला पोचला.

स्केटबोर्डिंग आणि क्लायंबिंगही तिथेच पहिल्यांदा आले. मोठ्यांना ही नसती थेरं वाटतात. जरा थांबून बघा तरी. पोरगा मागच्या पायाने बोर्डाची शेपटी दाबतो, उडी मारतो, बोर्ड एकीकडे आणि हा दुसरीकडे. कोपर झटकतो, पुन्हा तेच. शेजारचा मोबाइलवर शूटिंग करत खिदळतोय. ज्याला गणिताच्या वहीसमोर दहा मिनिटं बसवत नाही, तो इथे तासभर आपटत असतो! कारण इथे गुण देणारं कुणी नाही आणि जमलं की त्याच क्षणी कळतं. अमेरिकन स्केटबोर्डर टोनी हॉकने १९९९ च्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत हवेत अडीच गिरक्या घेतल्या, त्या स्पर्धेची वेळ संपून गेल्यावर. तोवर तो पडतच होता आणि बाकीचे स्पर्धक त्याला चेव देत होते. पोरांना नेमकं हेच हवं असतं.

माझा खरा राग आहे तो निवड चाचण्यांवर. मुलांची उंची साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते, पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. एकाच गटात एकाला दाढी फुटलेली आणि दुसऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नाही. कोच कुणाला घेणार? वयोगटाची तारीख १ जानेवारी असली की जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेली पोरं संघात जास्त दिसतात, डिसेंबरवाली बाकावर. फुटबॉलमध्ये हे कितीतरी देशांत दिसून आलंय. मग बाकावरचा पोरगा म्हणतो, 'मला खेळाची आवडच नाही.' आपणही खुशाल मान्य करतो.

अशा किडकिडीत पोराला एकदा क्लायंबिंगच्या भिंतीकडे न्या. तिथे स्वतःचंच वजन ओढायचं असतं, त्यामुळे हलकं अंग कामी येतं. टेबल टेनिस, बॅडमिंटनमध्येही आडदांडपणाचं फार काही चालत नाही. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडोत तर वजनगटच असतात. मारामारीची खुमखुमी असलेल्यांना हे खेळ आवडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त शिकवणारा शहाणा हवा.

आणि बघायला गेलात तर कडेला गप्प उभे राहा. 'अरे, पास दे ना!' असं बापाने मित्रांदेखत ओरडलं, की पुढच्या आठवड्यात त्याचा गुडघा दुखायला लागतो.