‘कपाळावर निळा प्रकाश, फिट गायब’: या मेसेजमधला एकेक दावा

“फिट येणाऱ्यांसाठी खुशखबर! कपाळावर निळा प्रकाश टाकताच आकडी काही सेकंदांत थांबते. सगळ्या प्रकारच्या फिटवर चालते, साइड इफेक्ट शून्य, गोळ्या कायमच्या बंद. मशीन येईपर्यंत मोबाइलचा टॉर्च भराभर चालू-बंद करा.” असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो धादांत खोटा असता तर एवढं लिहावं लागलं नसतं, पण त्याच्या मुळाशी खरं संशोधन आहे.

गाबा हे मेंदूतलं पेशींना शांत करणारं रसायन. ते रुथेनियम या धातूच्या एका संयुगाला बांधून ठेवलं की निष्क्रिय राहतं. निळा प्रकाश पडला की तो बंध तुटतो आणि गाबा मोकळं होतं. या संयुगाला ‘रूबी-गाबा’ म्हणतात. स्टीव्हन रॉथमन, राफाएल युस्ते आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचा उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ४-अमिनोपिरिडीन हे झटके आणणारं रसायन देऊन झटके आणले, उघड्या केलेल्या मेंदूच्या पृष्ठभागावर औषध लावलं, निळा प्रकाश टाकला, आणि झटक्यांच्या लहरी काही सेकंदांत ओसरल्या. मेसेजमधले ‘काही सेकंद’ इथलेच. कवटी उघडली होती, हे तेवढं गाळलं.

“कपाळावर प्रकाश टाकला की पुरे.” निळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन भराभर शोषून घेतं. त्वचा आणि हाड सोडाच, उघड्या मेंदूतही एक मिलिमीटर खोल जाईपर्यंत तो बहुतेक संपतो. गोळ्यांना दाद न देणारी मोठ्यांमधली फिट बरेचदा हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागातून उठते, आणि तो पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर आत असतो. म्हणजे कवटीला भोक पाडून ऑप्टिकल फायबर आत सोडणं आलं. तीव्रता वाढवावी, तर ऊती तापतात, आणि तापमान एक-दोन अंशांनी चढलं तरी पेशींचं वागणं बदलतं. लाल प्रकाश जास्त खोल जातो, पण त्याची ऊर्जा कमी असल्यामुळे हा बंध तोडायला तो सहसा पुरत नाही.

शिवाय नुसत्या प्रकाशाने काहीच होत नाही, औषध आधी तिथे असावं लागतं. गाबा रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरत नाही, म्हणून प्रयोगात औषध थेट मेंदूवर लावलं. रूबी-गाबाचा प्रत्येक रेणू एकदाच उघडतो, त्यामुळे साठा संपला की पुन्हा भरायला पंप आणि नळी हवी. नळी म्हटली की जंतुसंसर्ग आणि तुंबणंही आलंच.

“साइड इफेक्ट शून्य.” हा दावा सर्वांत फसवा. न उघडलेलं रूबी-गाबा स्वतःच गाबाचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या गाबा जिथे चिकटतं त्या जागा, अडवतं, तेही अगदी कमी प्रमाणात. गाबाचे रिसेप्टर अडवणं म्हणजे काय? प्रयोगशाळेत हेच रिसेप्टर अडवणारं पिक्रोटॉक्सिन हे विष देऊन प्राण्यांना झटके आणतात, तेच. म्हणजे मात्रा जास्त झाली आणि प्रकाश पुरेसा पोचला नाही, तर झटका थांबवायला दिलेलं औषधच झटका आणू शकतं. मात्रा कमी ठेवली, तर मोकळं होणारं गाबा अपुरं पडतं. त्यात उघडल्यावर उरलेला रुथेनियमचा भाग तिथेच राहतो. बंध तोडण्याऐवजी रेणूचा आकार प्रकाशाने बदलणारी, अझोबेंझिन या रसायनावर आधारलेली औषधंही आहेत. ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करता येतात, पण ‘बंद’ अवस्थेतही थोडा परिणाम उरतोच.

“सगळ्या प्रकारच्या फिटवर.” नाही. झटका एका ठरावीक जागेतून सुरू होत असेल, तरच या पद्धतीला अर्थ आहे. अ‍ॅबसेन्ससारख्या (काही क्षण भान हरपून टक लावून बघण्याच्या) प्रकारांत मेंदूचे दोन्ही गोलार्ध एकदमच सामील होतात. तिथे फायबर खुपसायचा कुठे? झटका ओळखून तिथल्या तिथे रोखणारं, कवटीत बसवायचं यंत्र अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं, पण ते विजेवर चालतं आणि झटका सुरू होण्याची फक्त एक-दोन केंद्रं असलेल्यांसाठी आहे. प्रकाशाने चालू होणारं फिटचं औषध माणसांसाठी कुठेही मंजूर नाही.

“गोळ्या बंद करा.” योग्य औषध मिळालं तर सुमारे ७० टक्के रुग्ण फिटमुक्त राहू शकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. क्लोबाझाम किंवा फिनोबार्बिटोन अचानक तोडलं, तर लागोपाठ, न थांबणारे झटके येऊ शकतात. गोळी बंद करायचीच तर डॉक्टर काही आठवडे ते महिने लावून मात्रा उतरवतात.

फिट आली तर घड्याळ बघा, माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवणं विसरा. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा (झटका थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे नाकात मारा आणि रुग्णालय गाठा. नेहमीची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असेल तर आठ फवारे, प्रत्येक नाकपुडीत चार. बाटलीनुसार फवाऱ्याची ताकद बदलते, म्हणून आकडा डॉक्टरांकडून आधीच पक्का करून बाटलीवर लिहून ठेवा.

“टॉर्च भराभर चालू-बंद करा.” अजिबात नको. फिटच्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्क्यांना लुकलुकत्या प्रकाशानेच झटका येतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा लुकलुकणं सर्वांत घातक. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने जवळपास ७०० जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. अशा प्रकाशात सापडलात तर नुसते डोळे मिटू नका, लुकलुक पापण्यांतूनही आत पोचते. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा.