किडनी देणारा ‘अर्धा’ होत नाही

गेल्या महिन्यात आमच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. जिवंतपणी किडनी देऊ नका. देणारा अर्धा होतो, पाच वर्षांत त्याची दुसरीही जाते, बाईने दिली तर तिला मूल होत नाही, आणि डायलिसिसवर माणूस आरामात जगतो, मग घाई कशाला? मी 2017 साली धाकट्या भावाला किडनी दिली. त्याच ग्रुपवर माझी चुलत नणंद आहे. तिचे यजमान आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात आणि आपण तपासण्या कराव्यात का, या विचारात ती आहे. तिने तो मेसेज वाचलाच असणार.

‘देणारा अर्धा होतो.’ उरलेली किडनी थोडी मोठी होते, जास्त काम उचलते. काही महिन्यांत ती दोघींच्या मिळून कामाच्या साधारण 65 ते 70 टक्क्यांपर्यंत पोचते, आणि रोजच्या जगण्याला तेवढं पुरतं. माझ्या पोटावर दुर्बिणीच्या तीन बारक्या खुणा आहेत आणि खाली सिझेरियनसारखा आडवा व्रण. किडनी तिथून बाहेर काढली. शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची, हे नर्सने शिकवलं होतं. दीड महिना पाण्याची कळशी उचलली नाही, तिसऱ्या महिन्यात शाळेत वर्गावर उभी राहिले. थकवा मात्र आणखी बरेच दिवस रेंगाळला. तो मला आधी कोणी सांगितला नव्हता, म्हणून इथे सांगते.

‘पाच वर्षांत दुसरी जाते.’ पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण 1954 साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावांत झालं. देणारा भाऊ त्यानंतर 56 वर्षं जगला. पण एका माणसावरून कशाला ठरवायचं? अमेरिकेतल्या हजारो दात्यांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात किडनी निकामी होण्याची शक्यता दात्यांमध्ये 10,000 मागे सुमारे 90 निघाली, सर्वसाधारण लोकांत 326. दाते आधीच पारखून घेतलेले असतात, मधुमेह असलेल्याला तर सहसा तिथेच थांबवतात, म्हणून हा आकडा कमी. पण त्यांच्याइतक्याच निरोगी, किडनी न दिलेल्या लोकांत तो 14 होता. म्हणजे दिल्याने धोका वाढतो, हे खरंच आहे. ‘काहीच होत नाही हो’ म्हणणारेही दात्याला फसवतात. ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा धोका अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीत 10,000 मागे सुमारे 3 होता; आता तो कमी झालाय, पण शून्य नाही. मी दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं), लघवी आणि रक्तदाब तपासून घेते आणि अंगदुखीला मनाने गोळी घेत नाही.

‘मूल होत नाही.’ होतं. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका मात्र जास्त असतो; कॅनडातल्या एका अभ्यासात तो दिलेल्या बायकांत 11 टक्के, न दिलेल्यांत 5 टक्के होता. मुलं व्हायची असतील त्या मुलीने हे डॉक्टरांशी आधी बोलावं.

‘डायलिसिसवर आरामात.’ हे वाचून मला फार राग आला. माझा भाऊ दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचा. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेवर, बोट ठेवलं की आत घरघर लागायची. आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास मशीनला, आणि घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. डायलिसिस जीव वाचवतं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्याला आराम म्हणू नका. प्रत्यारोपणही कायमचा इलाज नाही. गोळ्या जन्मभर, आणि नवी किडनीही कधी ना कधी थकते.

मेसेजमध्ये नसलेली भीती खरी आहे : घरचा दबाव. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त. अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या सरकारी नियमांत तर स्पष्ट म्हटलंय की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे पडताळावी. माझ्या वेळी डॉक्टरबाईंनी भावाला आणि यजमानांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “नको असेल तर मला सांगा. बाहेर मी एवढंच सांगेन की तुम्ही दाता म्हणून बसत नाही. कारण कुणाला कळणार नाही.” मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत दोनदा मनातून ‘नाही’ म्हणून झालं होतं.

वन्सं, तपासण्यांना हो म्हणणं म्हणजे किडनी द्यायला हो म्हणणं नव्हे. सही केल्यावरही, अगदी ऑपरेशनच्या दिवशीही नाही म्हणता येतं. रक्तगट जुळला नाही तर तुमच्यासारख्याच दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल कायद्याने करता येते, तेही विचारून घ्या. सोबत हवी असेल तर मी येते. त्या खोलीच्या दारापर्यंत. आत तुम्ही एकट्याच जा.