राजा चुकला असेल

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

लेकीला कुणीतरी विक्रम-वेताळाचं नवंकोरं पुस्तक भेट दिलं. गुळगुळीत कागद, पानभर चित्रं. मी तिच्याआधी हरखून उघडलं. राजाच्या खांद्यावर प्रेतच नाही! एक गुबगुबीत निळं भूत बसलंय, दात काढून हसतंय. स्मशानाच्या जागी बाग. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण गोष्ट संपली, वेताळाने प्रश्न विचारला, लगेच खालच्या ओळीत उत्तर आणि त्याच्याखाली रंगीत चौकटीत तात्पर्य. 'नेहमी खरे बोलावे.' पुढच्या गोष्टीखाली 'मोठ्यांचा मान राखावा.'

वेताळाच्या गोष्टीला तात्पर्य? अहो, आपण सगळे चांदोबा मासिकावर वाढलेली माणसं. महिना उजाडला की आधी वेताळाचं पान उघडायचं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबतं प्रेत, आणि तरीही राजा ताठ चाललेला. ते चित्र काढणारे शंकर 2020 साली गेले तेव्हा इथेच किती जणांनी ते लावलं होतं. भीती वाटायची ना? वाटायचीच. म्हणून तर पांघरुणात शिरून वाचायचो.

आमच्याकडे चांदोबाचे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते आणि मुखपृष्ठ गेलेली एक वेताळपंचविशी होती. बाबा रात्री वाचून दाखवायचे. वेताळाचा प्रश्न आला की थांबायचे आणि पुढच्या ओळींवर तळहात ठेवायचे. त्यांच्या करंगळीच्या कडेला शाईचा निळा डाग कायमचा होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. "बोल, तुला काय वाटतं?" मी बोलेपर्यंत हात हलायचा नाही. कधीकधी मला झोप लागायची आणि उत्तर दुसऱ्या रात्रीवर जायचं.

एकदा वीरवराची गोष्ट होती. शूद्रक राजाचा पहारेकरी. रात्री एक बाई रडताना दिसते, ती पृथ्वी असते. तीन दिवसांत राजा मरणार, वाचवायचा असेल तर तुझ्या मुलाचा बळी दे, म्हणते. मुलगा आपणहून तयार होतो. तो जातो, त्या धक्क्याने बहीण जाते, मग आई, मग वीरवर स्वतः. लपून बघणारा राजा हे पाहून स्वतःच्या मानेवर तलवार ठेवतो, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सगळ्यांना उठवते. वेताळ विचारतो, यांत सगळ्यांत थोर कोण? बाबांचा हात पानावर. मी म्हटलं, "मुलगा." हात निघाला. विक्रम म्हणत होता, शूद्रक राजा थोर, कारण धन्यासाठी मरणं हा नोकराचा धर्मच, पण नोकरासाठी मरायला निघालेला धनी विरळा.

मी रडले. उत्तर चुकलं म्हणून. बाबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "राजा चुकला असेल."

सात-आठ वर्षांची होते मी. छापलेल्या पुस्तकातला राजा चुकू शकतो, हे मला त्या रात्री कळलं. त्या चौकटीत कुठे बसवणार हे?

गेला महिनाभर मी वेताळपंचविशी पुन्हा वाचतेय, शिवाय सोमदेवाच्या कथासरित्सागरातला वेताळाचा भागही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीसाठी लिहिलेला ग्रंथ, आणि त्यातला हा राजा कुठला? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे आपल्या पैठणचा! तिथे त्याचं नाव त्रिविक्रमसेन आहे. त्याला प्रेत आणायला पाठवणारा भिक्षू त्याआधी दहा वर्षं रोज एक फळ आणून देतो, राजा न बघता ते खजिनदाराकडे सोपवतो, आणि एक दिवस माकड फळ चावतं तेव्हा आतून रत्न निघतं. दहा वर्षं! लहानपणी मी माकडावर खूश होते. आता त्या राजाचा राग आला आणि मग दिवसभर मनात तेच घोळत राहिलं.

मूळ गोष्टी मोजून पंचवीस. चांदोबा 1947 साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू झाला, मराठीत 1952 साली आला, आणि पुढची कितीतरी दशकं वेताळ महिन्यामागून महिने नवे प्रश्न विचारत राहिला. लिहिणाऱ्यांनी तेवढे प्रश्न शोधून काढले. आणि आपण आता त्यांची उत्तरं चौकटीत कोंबतोय.

हो, या गोष्टींत बायकांबद्दल जे लिहिलंय ते वाचताना दात आवळावे लागतात. ते मान्य. लेकीला वाचून दाखवताना दोन गोष्टी मीही वगळल्या.

पण वीरवराची नाही वगळली. या वेळी वाचताना तर मी संतापले. राजा थोर की नोकर थोर यावर चर्चा, आणि त्या पोराचं काय? बहिणीचं काय? पुढे वीरवर पुन्हा दारावर पहाऱ्याला उभा राहतो आणि राजाने विचारलं तर सांगतो की ती बाई मला बघून नाहीशी झाली, बाकी काही विशेष नाही. बाकी काही विशेष नाही! हे वाक्य लहानपणी मला दिसलंही नव्हतं. विक्रम चुकलाच.

आणि तरीही विक्रमावर माझी माया वाढलीय, ती एका गोष्टीसाठी. वेताळ म्हणतो, उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी झाडावर परत. लहानपणी वाटायचं, घाबरून बोलतो. आता तसं वाटत नाही. तो पुन्हा जातो ना त्या झाडाकडे, दर वेळी, कुरकुर न करता. जे वाटलं ते बोलायचं आणि मग त्याची किंमत म्हणून काळोखात परत चालायचं. ऑफिसात पंधरा वर्षं काढल्यावर ही चाल मला ओळखू येते.

शेवटचा प्रश्न आठवतोय का? बापलेक दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात, मोठ्या पावलांची बापाला आणि लहान पावलांची मुलाला असं ठरवतात, आणि निघतं काय तर मोठी पावलं लेकीची, लहान आईची. लग्नं लागतात. आता यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सुचत नाही. तो गप्प चालत राहतो. आणि तिथे वेताळ प्रसन्न होतो! तो भिक्षू तुझाच बळी द्यायला बसलाय, हेही तेव्हाच सांगतो. सांगा, याखाली कुठलं तात्पर्य छापणार?

संध्याकाळी बाबांना फोन केला. वीरवराची गोष्ट, ती रात्र, सगळं सांगितलं. त्यांना काही आठवेना. "मी म्हणालो होतो असं?" म्हणाले. मग जरा वेळ शांतता. "काय होता प्रश्न?" मी पुन्हा सांगितला. "मग चुकलाच असेल."

राग थोडा उतरलाय आता. ते गुळगुळीत पुस्तक कपाटावर ठेवलं. गठ्ठ्यातला सुट्या पानांचा एक चांदोबा काढून लेकीजवळ बसले, वाचलं आणि प्रश्नाशी थांबून पुढच्या ओळींवर तळहात ठेवला. ती हाताकडे बघत राहिली. बराच वेळ गेला, मला वाटलं कंटाळली, म्हणून बोटं उचलायला लागले.

तर माझं मनगट धरून म्हणाली, "थांब ना आई. अजून नको काढूस."