तोंडाला लगाम

आज चिरंजीवांच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो आणि परतल्यापासून डोके तापलेले आहे. एरवी या सभांना ही जाते. आज तिला रजा मिळाली नाही म्हणून मी गेलो. सहावीतल्या मुलाचे प्रगतिपुस्तक माझ्या हातात ठेवत वर्गशिक्षिका तीस-पस्तीस पालकांसमोर म्हणाल्या, "अभ्यासात ठीक आहे, पण वजन फार वाढले आहे, घरी त्याच्या तोंडाला जरा लगाम घाला." मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मुलगा शेजारीच उभा होता. त्याने डब्याची पिशवी हळूच पोटासमोर धरली.

ती पिशवी काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ज्या शाळेत आठवड्यातल्या दोन खेळाच्या तासांपैकी एक हमखास गणिताला जातो आणि जिच्या निम्म्या मैदानावर बसगाड्या उभ्या असतात, त्या शाळेने अकरा वर्षांच्या पोराच्या जिभेला बोल लावावा? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मेद, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 सालचा नियम आहे. येताना मी पावले मोजली. टपरी बावीस पावलांवर आहे आणि पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा नेमक्या सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर लोंबतात.

घरचेही चुकते, मान्य आहे. मधल्या सुट्टीसाठी दहाची नोट मीच देतो आणि संध्याकाळी मोबाइलही मीच हातात देतो, कारण खाली अंगण होते तिथे आता गाड्या लागतात. (ही सबब आहे असे कोणाला वाटले, तर वाटो.)

परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण 2015-16 मधल्या 20.6 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 24 टक्क्यांवर गेले, ते काय देशभरातल्या बायका एकाएकी खादाड झाल्या म्हणून? चिलीने 2016 पासून जास्त मेद, मीठ, साखर असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्याकडे 2022 मध्ये पदार्थ किती पौष्टिक त्यानुसार पाकिटावर तारे देण्याचा मसुदा आला, म्हणजे वेफर्सलाही एखादा तारा मिळायचा! सप्टेंबर 2025 मध्ये शीतपेयांवर 40 टक्के जीएसटी लावला, तेवढे श्रेय देतो. पण त्याच फेरीत बिस्किटे, चॉकलेटे आणि फरसाण 5 टक्क्यांवर आणले.

संध्याकाळी हिला सगळे तावातावाने सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी हे तो तिसरीत असल्यापासून ऐकते आहे." त्यावर मला काही बोलता आले नाही. इतकी वर्षे ती एकटी त्या बाकावर बसून ऐकत होती आणि घरी येऊन मला फक्त गुण सांगत होती.

चिरंजीवांनी आज डबा तसाच परत आणला. पोळी-भाजीच होती.

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे, खेळाचा तास आणि टपरी या दोनच विषयांवर. ज्यांची मुले याच शाळेत आहेत त्यांनी फाटकाशी यावे. मोजायचा टेप मी आणतो.